'ऑनेस्ट' : 'ऑथेल्लो'तील एका शब्दाची अर्थविवक्षा

प्रस्तावना

'ऑनेस्ट' हा इंग्रजी शब्द विद्यार्थ्याला शाळेच्या वर्गातच भेटतो आणि 'प्रामाणिक' हा त्याचा मराठी जोडीदारही तेथेच कायमचा ठरून जातो. पुढे पदवी वा पदव्युत्तर वर्गात शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' अभ्यासास आले की हीच जोडी विद्यार्थ्याच्या मनात आयती तयार असते. इयागो हा 'ऑनेस्ट' म्हणून ओळखला जातो, प्रत्यक्षात तो तसा नाही, म्हणून येथे नाट्यगत उपरोध आहे, एवढे सांगून वर्गातील विवेचन बहुधा पुढच्या प्रवेशाकडे वळते. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. मात्र ते फार अपुरे आहे. त्यात इयागो सापडतो, पण डेस्डिमोना, एमिलिया आणि बियांका या तिन्ही स्त्रिया निसटतात. आणि या नाटकात 'ऑनेस्ट' या शब्दाची सर्वाधिक किंमत कोणी मोजली असेल, तर ती या स्त्रियांनीच.

विल्यम एम्पसन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) या ग्रंथात 'ऑथेल्लो'मधील या शब्दावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' ही रूपे नाटकात एकूण ५२ वेळा येतात, ही त्यांची गणना आता सर्वपरिचित आहे. एवढ्या वेळा एकच साधा शब्द एखादा नाटककार उगाच वापरीत नाही, हे एम्पसन यांचे गृहीत मान्य होण्यासारखे आहे. त्यांच्या विवेचनाचा भर इयागोच्या व्यक्तिरेखेवर आणि त्या काळी या शब्दाला चिकटू लागलेल्या मोकळ्याढाकळ्या, मर्दानी, काहीशा बेफिकीर छटेवर आहे. प्रस्तुत लेखात तोच शब्द दुसऱ्या बाजूने पाहिला आहे. पुरुषाला लागू होणारा 'ऑनेस्ट' आणि स्त्रीला लागू होणारा 'ऑनेस्ट' हे दोन वेगळे अर्थ एकाच शब्दाच्या पोटात वावरत असल्यामुळे कोणाची साक्ष ग्राह्य आणि कोणाची अग्राह्य हे या नाटकात परस्पर ठरून जाते, असे येथे प्रतिपादन आहे. मराठी शब्दकुळाच्या आधारे ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

शब्दाची वाटचाल

'ऑनेस्ट'चे मूळ लॅटिन 'होनोस' या शब्दात आहे. मान, प्रतिष्ठा, अधिकारपद असे त्याचे अर्थ. त्यापासून झालेले 'होनेस्तुस' हे विशेषण जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास इंग्रजीत आले. 'ऑनर' हा शब्द याच घरातला. दोन्ही शब्दांच्या आरंभीचा 'ह' लेखनात राहिला आणि उच्चारातून गेला. भावंडांच्या चेहऱ्यावर एकसारखी खूण राहावी, तसे हे आहे. आरंभी 'ऑनेस्ट' म्हणजे प्रतिष्ठित, सभ्य, समाजात मान असलेला. खरे बोलण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. खरे बोलणे, व्यवहारात न फसवणे हा आजचा मुख्य अर्थ हळूहळू पुढे आला आणि प्रतिष्ठेचा अर्थ मागे पडला.

सी. एस. लुईस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' (१९६०) या पुस्तकात सामाजिक दर्जा सांगणारे शब्द कालांतराने नैतिक गुण सांगू लागतात, ही प्रक्रिया अनेक उदाहरणांनी दाखविली आहे. मराठी वाचकाला हे नवे नाही. 'कुलीन' हा शब्द कुळाबद्दल बोलता बोलता वर्तनाबद्दल बोलू लागतो. 'ग्राम्य' हा गावाकडचा शब्द शहरात येऊन असभ्य ठरतो. 'साव' म्हणजे पेढीवाला, सावकार. पण म्हणींत आणि बोलण्यात तो चोराच्या विरुद्ध पक्षाला उभा राहतो, आणि मग कोणीही 'सावपणाचा आव' आणू शकतो. इयागोच्या वर्तनाचे याहून नेमके वर्णन करणारा वाक्प्रचार शोधून सापडणार नाही.

दर्जाकडून नीतीकडे जाणाऱ्या या वाटेवर 'ऑनेस्ट'ला एक फाटा फुटला. पुरुषाची प्रतिष्ठा त्याच्या शब्दावर आणि व्यवहारावर मोजली जाई. स्त्रीची प्रतिष्ठा तिच्या शरीरावर. त्यामुळे स्त्रीच्या बाबतीत 'ऑनेस्ट' म्हणजे शीलवती. हॅम्लेट ओफिलियाला ती 'ऑनेस्ट' आहे काय असे विचारतो, तेव्हा तू खरे बोलतेस काय आणि तुझे शील शुद्ध आहे काय, हे दोन्ही प्रश्न तो एका दमात विचारीत असतो. एखाद्या स्त्रीशी विवाह करून तिला 'ऑनेस्ट' करणे, हा प्रयोग त्याच अर्थाचा अवशेष म्हणून इंग्रजीत पुढेही टिकला. आज तो बहुधा थट्टेत वापरला जातो. विसाव्या-एकविसाव्या शतकातील बोलण्यात तर 'ऑनेस्टली' हा शब्द वाक्याच्या आरंभी नुसता ठेवून दिलेला असतो, त्यातून फारसा अर्थ उरलेला नाही. मराठीत 'खरे सांगायचे तर' असे म्हणण्याची सोय असताना 'प्रामाणिकपणे सांगायचे तर' अशी रचना आता वृत्तपत्रांतून सर्रास दिसते, ती याच 'ऑनेस्टली'ची सावली असावी.

हाताखालचा भला माणूस

'ऑथेल्लो' १६०३-०४च्या सुमारास लिहिले गेले. १ नोव्हेंबर १६०४ रोजी ते राजदरबारात सादर झाल्याची नोंद आहे. त्या काळात 'ऑनेस्ट'ला आणखी एक उपयोग होता आणि तो 'प्रामाणिक' या मराठी शब्दात मुळीच उतरत नाही. वरिष्ठाने कनिष्ठाला कौतुकाने, पाठीवर थाप मारल्यासारखे 'ऑनेस्ट' म्हणण्याची रीत होती. मराठीत 'आमचा गडी मोठा इमानी' असे मालक म्हणतो, त्यातला हा सूर. त्यात स्तुती आहे, पण ती उंचावरून खाली उतरणारी आहे.

इयागोला मिळणारे 'ऑनेस्ट' बहुतांशी या जातीचे आहे. ऑथेल्लो त्याचा सेनापती. तो त्याला विश्वासू म्हणून आपल्या पत्नीची पाठवणी त्याच्यावर सोपवितो, पण उपसेनापतीचे पद मात्र कॅसिओला देतो. कॅसिओही रात्रीचा निरोप घेताना इयागोला 'ऑनेस्ट' म्हणतो. आणि तोच कॅसिओ थोड्या वेळापूर्वी मद्याच्या अंमलात, उपसेनापतीचा उद्धार ध्वजधाऱ्याच्या आधी व्हायला हवा असे सांगून गेलेला असतो. पद कॅसिओला, विशेषण इयागोला. पहिल्याच प्रवेशात इयागो रॉडरिगोपुढे, धन्याच्या सेवेत आयुष्य झिजवून म्हातारपणी हाकलल्या जाणाऱ्या चाकरांची निर्भर्त्सना करतो आणि असल्या 'ऑनेस्ट' लोकांना चाबकाने फोडले पाहिजे असे म्हणतो. स्वतःला चिकटविलेल्या विशेषणाचा अपमान त्याला पुरता कळलेला आहे. इयागोच्या द्वेषाला पुरेसे कारण नाही, अशी तक्रार समीक्षेत दीर्घकाळ चालत आली. त्या कारणाचा काही भाग तरी या विशेषणात शोधता येतो. जे त्याला कमी लेखण्यासाठी, नकळत, वापरले जाते तेच तो शस्त्र करतो.

तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात हे शस्त्र प्रथम उपसले जाते. कॅसिओ 'ऑनेस्ट' नाही काय, असा ऑथेल्लोचा प्रश्न येतो. इयागो उत्तर देत नाही. तो केवळ तो शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. ऑथेल्लोही तोच शब्द पुन्हा उच्चारतो. एवढ्या देवघेवीत शब्दाचा अर्थ निसटून जातो. कॅसिओ कामात विश्वासू आहे काय, कॅसिओ निष्कपट आहे काय, आणि कॅसिओ स्त्रियांच्या बाबतीत स्वच्छ आहे काय, हे तीन प्रश्न आता एकाच शब्दात मिसळले आहेत. इयागोने काहीही खोटे सांगितलेले नाही. त्याने केवळ शब्द हलविला.

साक्ष कोणाची?

येथे भारतीय प्रमाणविचाराची मदत घेणे अस्थानी ठरणार नाही, कारण 'प्रामाणिक' हा शब्दच 'प्रमाण'पासून बनलेला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'प्रमाणाने सिद्ध' किंवा 'प्रमाण म्हणून मानण्याजोगा' असा. सत्यवचनी माणूस हा अर्थ त्यातूनच विस्तारला: ज्याचे बोलणे पुराव्यासारखे धरता येते, तो प्रामाणिक. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानली. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे व ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा वक्ता.

ऑथेल्लो इयागोपाशी डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण मागतो. ते मिळत नाही. इयागो त्याऐवजी कॅसिओच्या झोपेतील बरळण्याची हकीकत सांगतो, म्हणजे शब्दप्रमाण देतो. आणि मग रुमाल पुढे करतो, म्हणजे अनुमानाला हेतू पुरवितो. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायग्रंथांतील नेहमीचे उदाहरण. ऑथेल्लोने पाहिला तो धूर नव्हे, धुके होते. चौथ्या अंकात आडोशाला उभा राहून तो कॅसिओला हसताना पाहतो, बियांकेच्या हातात रुमाल पाहतो, आणि आपण प्रत्यक्ष पाहिले असे समजतो. वस्तुतः पाहण्यापूर्वीच त्याला काय पाहायचे ते इयागोने सांगून ठेवलेले असते. म्हणजे त्याचे प्रत्यक्ष आणि अनुमान, दोन्ही इयागोच्या शब्दावर उभे आहेत, आणि इयागोचा शब्द उभा आहे तो त्याच्या 'ऑनेस्ट' या ख्यातीवर. रूढ अर्थाने इयागो अप्रामाणिक आहे. मूळ अर्थाने मात्र, ऑथेल्लोच्या दृष्टीने, त्याच्याएवढा प्रामाणिक कोणीच नाही.

आता दुसऱ्या पारड्याकडे पाहावे. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो एमिलियेला खोदून खोदून विचारतो. डेस्डिमोनेच्या सहवासात अहोरात्र वावरलेली ही एकमेव साक्षीदार. तिला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची तिची इच्छाही आहे. आप्ताची व्याख्या तिला तंतोतंत लागू पडते. आपली धनीण 'ऑनेस्ट' आहे यावर ती स्वतःचा आत्मा पणाला लावते. ऑथेल्लो ही साक्ष एका वाक्यात मोडीत काढतो: असे तर कोणतीही कुंटीण सांगेल. मग तो डेस्डिमोनेलाच आपण 'ऑनेस्ट' असल्याची शपथ घ्यायला सांगतो, आणि तिच्या शब्दाचा निवाडा आधीच लावून मोकळा होतो.

या प्रवेशातील अन्याय शब्दाच्या रचनेतच दडलेला आहे. इयागोचे 'ऑनेस्ट' असणे म्हणजे त्याचे बोलणे खरे असणे. म्हणून तो बोलला की पुरावा झाला. डेस्डिमोनेचे 'ऑनेस्ट' असणे म्हणजे तिचे शील शुद्ध असणे. त्यावर संशय आला की तिचे बोलणेही आपोआप खोटे ठरते, कारण शब्द एकच आहे. शीलाविषयी तिला जे सांगायचे ते शील सिद्ध झाल्यावरच ऐकले जाणार, आणि ते सिद्ध करण्यासाठी तिच्यापाशी बोलण्यापलीकडे साधन नाही. पुरुषाला बोलण्याने मिळालेली विश्वासार्हता स्त्रीला शरीराच्या परीक्षेतून मिळवावी लागते. ऑथेल्लो मूर्ख नाही. तो ज्या भाषेत विचार करतो, त्या भाषेने ही दोन मापे एकाच नावाखाली ठेवलेली आहेत आणि ती दोन आहेत हे त्याच्या ध्यानात येत नाही.

बियांकेचा प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे, आणि समीक्षेत त्याला तेवढे स्थान मिळालेले दिसत नाही. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात जखमी कॅसिओजवळ बियांका धावत येते. इयागो तिच्यावरच आळ घेतो. एमिलिया, जिने थोड्या वेळापूर्वी डेस्डिमोनेसाठी आत्मा पणाला लावला, तीच बियांकेला वेश्या म्हणून हिणविते. यावर बियांका, आपण वेश्या नसून आपल्याला नावे ठेवणाऱ्या तुझ्याइतक्याच 'ऑनेस्ट' आहोत, असे तिला सुनावते. एमिलियेला ही तुलनाच असह्य होते. बियांकेच्या म्हणण्यात खोट कोणती? या प्रवेशात तिने कोणालाही फसविलेले नाही. कॅसिओविषयीची तिची कळकळ खरी आहे. बोलण्याच्या मापाने ती इयागोपेक्षा कितीतरी 'ऑनेस्ट' आहे. परंतु तिला ते माप कोणी लावीत नाही, एमिलियाही लावीत नाही. पीडित स्त्रीनेही ही भाषा किती आतून स्वीकारलेली असते, हे शेक्सपिअरने एका छोट्या चकमकीत दाखवून दिले आहे.

आणि मग शेवटच्या प्रवेशात एमिलियेला आपल्या पतीचे कृत्य कळते. 'माझा नवरा?' हा प्रश्न ती पुनःपुन्हा विचारते आणि ऑथेल्लो दर वेळी त्याच 'ऑनेस्ट' इयागोचे नाव घेतो, एकदा तर विशेषण दोनदा लावून. रुमाल कोणी सापडविला, कोणाला दिला, हे ती सांगू लागते तेव्हा इयागो तिला गप्प बसण्याची आज्ञा करतो. ती ऐकत नाही. इयागो तिला भोसकतो. आयुष्यभर ज्याच्या बोलण्यावर सर्वांनी विश्वास ठेवला, तो यापुढे एक शब्दही न बोलण्याची प्रतिज्ञा करतो. जिच्या बोलण्याला कुंटिणीच्या बोलण्याची किंमत मिळाली होती, ती मरतामरता खरे बोलत राहते.

मराठी पर्यायांचा प्रश्न

'ऑथेल्लो' मराठीत फार लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७चे. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली 'झुंझारराव' या नावाने त्याचे मराठी वातावरणात रूपांतर केले, आणि पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही 'ऑथेल्लो' मराठीत आणले. त्यांपैकी प्रत्येकाला हा शब्द ठिकठिकाणी आडवा आला असणारच. येथे त्यांच्या निवडींची तपासणी करण्याचा हेतू नाही. मराठीत कोणते शब्द उपलब्ध आहेत आणि प्रत्येकाने काय साधते, काय हुकते, एवढेच पाहावयाचे आहे.

'प्रामाणिक' हा पर्याय साक्षीचा अर्थ उत्तम पेलतो, पण 'प्रामाणिक पत्नी' म्हटल्यावर घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणारी स्त्री डोळ्यांसमोर येण्याचीच शक्यता अधिक. 'इमानी' हा शब्द मूळ अरबी श्रद्धावाचक 'ईमान'पासून आलेला. त्यात निष्ठा आहे, चाकरी आहे आणि वरून येणारे कौतुकही आहे. इयागोला तो फार चपखल बसतो. डेस्डिमोनेला मात्र तो चालविला तर ती ऑथेल्लोची पत्नी न राहता सेविका होते. 'अब्रूदार' हा शब्द मूळ लॅटिन अर्थाच्या सर्वांत जवळचा: पुरुषाची अब्रू पेठेत, बाईची अब्रू देहात, ही विभागणीही त्यात जशीच्या तशी आहे. पण अब्रूदार माणूस खरे बोलतोच असे मराठी माणूस मानीत नाही, उलट अब्रू राखण्यासाठी तो खोटे बोलला तर समजून घेतो. 'पतिव्रता', 'साध्वी', 'गरती' हे शब्द स्त्रीपुरतेच राहिले.

व्यवहारी भाषांतरकार अशा वेळी इयागोसाठी एक आणि डेस्डिमोनेसाठी दुसरा शब्द योजतो. अर्थाच्या दृष्टीने ते बिनचूक असते. परंतु त्यामुळे नाटकाची एक मुख्य कळच निखळते. 'इयागो प्रामाणिक आहे' आणि 'डेस्डिमोना पतिव्रता नाही' या दोन विधानांत मराठी प्रेक्षकाला कोणताही तिढा जाणवत नाही. इंग्रजीत मात्र एका व्यक्तीला 'ऑनेस्ट' म्हटल्यामुळेच दुसरी 'ऑनेस्ट' राहत नाही. ऑथेल्लोला आपली पत्नी 'ऑनेस्ट' वाटते आणि वाटतही नाही, इयागो खरा वाटतो आणि वाटतही नाही, असे तो एका श्वासात म्हणतो, तेव्हा तराजूच्या दोन्ही पारड्यांत तो जवळजवळ एकच वजन घालीत असतो.

या अडचणीतून वाट काढणारा एक शब्द मराठीच्या रोजच्या बोलण्यातच आहे, तो म्हणजे 'सरळ'. सरळ माणूस म्हणजे छक्केपंजे न करणारा. सरळ बोलणे म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणे. 'बिचारा सरळ आहे' यात वरिष्ठाची किंचित कीव आणि भोळेपणाची सूचनाही आहे. आणि स्त्रीच्या संदर्भात? 'सरळ वळणाची', 'सरळ चालीची' हे प्रयोग, त्यांच्या उलट 'वाकडे पाऊल' हा प्रयोग, मराठी कुटुंबात पिढ्यान्पिढ्या वापरात आहेत आणि ते कशाविषयी बोलतात याबद्दल कोणालाही शंका नसते. म्हणजे एकाच शब्दात निष्कपटपणा, स्पष्टवक्तेपणा, हाताखालच्या माणसाचे साधेपण आणि बाईचे शील, असे चारही धागे आहेत. 'सरळ' हा भारदस्त शब्द नाही, हा आक्षेप येईल. पण 'ऑनेस्ट' तरी भारदस्त कुठे आहे? सैनिकी पहाऱ्यावर, दारूच्या बैठकीत, रस्त्यावरच्या झटापटीत तो उच्चारला जातो. 'तुझ्याइतकीच सरळ आहे मी', हे बियांकेच्या तोंडी मराठी रंगभूमीवर सहज शोभेल, आणि एमिलियेला त्याचा राग का यावा हेही वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

'सरळ' सर्वत्र पुरतो असे मात्र नाही. अखेरीस माँटानो ऑथेल्लोच्या हातातील तलवार हिसकावून घेतो. त्या क्षणी ऑथेल्लो स्वतःलाच विचारतो, की 'ऑनेस्टी' गेल्यावर 'ऑनर'ने मागे का राहावे. डेस्डिमोनेचे शील, इयागोचे इमान आणि ऑथेल्लोची स्वतःची सचोटी, यांतले नेमके काय गेले, हे तो सांगत नाही. एका मुळाचे हे दोन शब्द येथे प्रथमच शेजारी येतात, आणि त्यांचे नाते कानाला ऐकू यावे लागते. 'सरळपणा' आणि 'अब्रू' यांत ते नाते नाही. 'इमान' आणि 'मान' यांत ध्वनीचे साम्य आहे, रक्ताचे नाही. तरीही रंगभूमीवर कानाला जे जवळचे वाटते तेच उपयोगी पडते, आणि या एका जागी भाषांतरकाराला 'सरळ' बाजूला ठेवून त्या ध्वनीकडेच जावे लागेल.